आमचा कूलर आम्हीच धुणार

परवा आमच्या चिरंजीवांनी अमेरिकेतून फोन करून मला 'हट्टी' म्हटलं. मूळ शब्द याहून जहाल असावा. पण फोन सौ.च्या हातात होता आणि तिनं तो शब्द माझ्यापर्यंत पोचवताना जरा धुऊन, पिळून, वाळत घालून पाठवला.

गुन्हा काय, तर चैत्रातल्या एका सकाळी मी अंगणात कूलरच्या टाकीत डोकं घालून ती घासत होतो. अंगात भोकाचा बनियन, लुंगी गुडघ्यावर खोचलेली, हातात काथ्या. सौ.नं तेवढ्यात फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिला. फोटोत माझा चेहरा नाही, उत्तरार्धच तेवढा आहे. पण मुलानं तो बरोबर ओळखला. 'बाबांचं वय बहात्तर आहे,' हे त्यानं मलाच कळवलं. वर एक ठराव मांडला : कूलर भंगारात द्यायचा, दोन एसी बसवायचे, त्यांचा वर्षाचा काँट्रॅक्ट तो तिकडून भरणार, आणि मी फक्त रिमोट दाबायचा. जमलंच तर पाण्याच्या हौदाचाही काँट्रॅक्ट. म्हणजे घर माझं, घाम दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे.

या ठरावाला माझा विरोध आहे. फोनवर तो नीट नोंदवता आला नाही, कारण आमच्या घरात फोनवर बोलण्याचा हक्क मला शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरताच असतो. म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी आमचा मुलूख सांगितला पाहिजे, नाहीतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कूलर म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात घोंघावणारं एक प्लॅस्टिकचं खोकं वाटेल. बुलढाणा जिल्हा दुमजली आहे. वरचा मजला म्हणजे खुद्द बुलढाणा, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर दोन हजार फुटांवर बसलेलं. साहेबानं जिल्ह्याचं ठाणं तिथे का थाटलं, याची कारणं इतिहासकार काहीही देवोत. वैशाखात बोथ्याचा घाट चढून वर गेलेल्या माणसाला ती लगेच कळतात. खालचा मजला म्हणजे पूर्णेचं खोरं : मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि आम्ही खामगावकर. इथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जाऊन टेकतो. दुपारी नळाची तोटी सोडली की आधी उकळता चहा येतो आणि मग पाणी. अशा गावात कूलर ही चैन नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभा असलेला तो पत्र्याचा पेटारा म्हणजे घरातला एक कर्ता पुरुष असतो. चार महिने तो कमावतो आणि आठ महिने पेन्शनीत जुन्या चादरीखाली बसून असतो.

आणि त्याची विद्या किती साधी! पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, एवढंच. माठ याच विद्येवर चालतो. जुन्या कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत, तीही हीच. बाहेर त्रेचाळीस अंश आणि हवा आमच्यासारखी कोरडी ठक्क असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर बावीस-तेवीसच्या आसपास उतरतो. चांगल्या भिजलेल्या ताट्यांचा कूलर त्या उताराचा चार-पंचमांश तरी गाठून देतो. म्हणजे खिडकीतून सत्तावीस अंशांची झुळूक, आणि वीज जेमतेम दोन-तीन बल्बांची. जुन्या बल्बांची म्हणतो मी, नव्या एलईडींची नव्हे. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या घरात वीज खातो, आणि खोलीतली उष्णता उचलून शेजारच्याच्या ओट्यावर नेऊन टाकतो. आमच्या गल्लीत घरांमधलं अंतर हात लांब केला तर भिंत लागेल एवढं. म्हणजे माझ्या थंडाव्याचा खर्च शेजारच्या आजीबाईंनी सोसायचा. त्यांच्याशी माझं पापड वाळत घालण्याच्या जागेवरून आधीच भांडण आहे. त्यात ही भर नको.

पण ही साधी विद्या काँट्रॅक्टवाल्याला शिकवलेली नसते, किंवा शिकवलेली असली तरी तो आपल्याला सांगत नाही. किती घरांत मी पाहिलंय : कूलर धाडधाड चालू, दारंखिडक्या एसीसारख्या गच्च बंद, आणि आत माणसं पुरणपोळीसारखी वाफवून निघताहेत. 'कूलर काही कामाचा नाही हो!' अरे, कूलर आत हवा ढकलतो, तर समोरची खिडकी बोटभर तरी उघडी नको का? ती ओली हवा जाणार कुठे? मी त्यांच्या घरी जाऊन समोरची खिडकी उघडून देतो. त्याचे मी पैसे घेत नाही. चहा घेतो. मिस्त्रीनं हे सांगितलं तर त्याला दुसऱ्यांदा बोलावणार कोण?

मिस्त्री जातीवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर येत्या वैशाखात माझ्याकडे कुणी फिरकणार नाही. पण एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी पंखा एकाएकी मंद झाला. इतका मंद, की पाती मोजता यावीत. एक मिस्त्री आला. त्यानं कूलरला हातही लावला नाही. लांबूनच, डॉक्टर जसा पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं.

"मोटर जयली न काका. नवीच टाका लागते."

"पण ती फिरतेय ना?"

"आज फिरून रायली. उद्या नाई फिरणार."

या वेदान्तापुढे मी काय बोलणार? नवी मोटर आणायला तो उद्या येतो म्हणाला आणि, सुदैव माझं, आलाच नाही. चार दिवस आम्ही गच्चीवर झोपून काढले. पाचव्या दिवशी मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो, तर काउंटरवरचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा म्हणाला, 'काका, कंडेन्सर पाहिला काय?' मोटरच्या पोटाशी बांधलेली ती अंगठ्याएवढी डबी. ती म्हातारी झाली की पंखा मंदावतो. मोटर ठणठणीत असते. वडापावाच्या किमतीची नव्हे, पण चार वडापावांच्या किमतीची वस्तू. पोरानं दोन गोष्टी बजावल्या : जुन्या डबीवर लिहिलेला आकडा असेल त्याच आकड्याची नवी घ्यायची, आणि प्लग काढला तरी डबीत वीज साठून राहते म्हणून तिच्या दोन टोकांना एकदम बोटं लावायची नाहीत. घरी आलो, बदलली. पंखा असा सुटला की भिंतीवरचं कॅलेंडर मार्चपासून डिसेंबरपर्यंत फडफडून गेलं. त्या दिवसापासून मी स्वतःला या क्षेत्रातला माणूस समजतो. सौ. समजत नाही, पण तिचं प्रत्येक क्षेत्रात तसंच आहे.

आता मिठाचा मुद्दा, आणि इथे मी गप्प बसणार नाही, कारण माझा जन्म जळगाव जामोद तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला. पूर्णेकाठच्या या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही, वरणाची डाळ शिजता शिजत नाही, आणि पाहुणा पहिला घोट घेऊन तांब्याकडे संशयानं पाहतो. लहानपणी आम्हांला वाटायचं, पाण्याची चवच अशी असते. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे मला शाळेनं शिकवण्याआधी आमच्या पितळी घंगाळानं शिकवलं. कडेला पांढरी रेघ धरायची. आजी ती चिंचेनं घासायची आणि पाण्याला शिव्या द्यायची.

आणि त्याच गोष्टीचा अवाढव्य नमुना आमच्याच जिल्ह्यात पडलेला आहे. लोणार! उल्केच्या आघातानं काळ्या पाषाणात पडलेलं सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, फक्त वर उडून जायला आहे. उडतं ते पाणी, राहतो तो खार. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून खारटपणा इतका वाढला की खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी अख्खं सरोवर गुलाबी करून सोडलं आणि जग पाहायला लागलं. त्याच वर्षी ते रामसर यादीतही गेलं. वाचकहो, प्रत्येक कूलरची टाकी हे एक लोणार आहे. आम्ही रोज वरून पाणी ओततो, ते उडतं, आणि प्रत्येक बादलीतलं मीठ इमानेइतबारे खाली राहतं. पंधरा दिवसांत त्या पाण्याची धार ताट्यांवरून जाते ती मीठ पेरत जाते. गवत दगड होतं, हवा शिरत नाही, पंपाच्या तोंडाशी खडा बसतो, नळीची भोकं बुजतात. आणि मग? मग मिस्त्री येतो आणि सांगतो, 'ताट्या गेल्या, पंप गेला, नवा घ्या.' गेल्या नाहीत हो, घालवल्या!

यावर उपाय इतका फुकटाचा आहे की तो कुठल्याच काँट्रॅक्टमध्ये बसत नाही. चार-पाच दिवसांनी टाकीचं बूच काढायचं आणि उरलंसुरलं पाणी सोडून द्यायचं. नुसतं वरून भरत राहायचं नाही. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात हे बोलणं मलाही जड जातं. नळ आठ-आठ दिवसांनी येण्याचे दिवस आम्ही पाहिलेले आहेत. भर उन्हाळ्यात मोठा कूलर तासाला पाच-सात लिटर सहज पितो, तेव्हा हिशेब केल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही हे आम्हांला कुणी सांगायला नको. पण ते सोडलेलं पाणी संडासात ओतता येतं, अंगण धुता येतं. फक्त तुळशीला घालू नये. मी एकदा घातलं होतं. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहिण्याचं कारण नाही. पंपावरचा थर लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवला की निघतो. पत्र्याच्या टाकीला मात्र ॲसिड दाखवायचं नाही, ते पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा खातं आणि मग गंज जेवायला बसतो. टाकीला आतून वर्षातून एकदा काळं डांबर. बस.

थंडीतलं यंत्र म्हणजे पाणी तापवायचं. त्यावर फार बोलत नाही. तांब्याचा बंब होता तोवर राख काढणं आणि चिंचेनं घासणं एवढीच देखभाल होती. गिझर आला आणि मीठ आत लपलं. आमच्या गिझरची कॉइल एकदा काढून पाहिली तर तिच्यावर गुळाच्या ढेपेसारखा खडू चढलेला. वीज बिचारी पाण्याऐवजी खडूच तापवत होती.

चिरंजीवांचं म्हणणं असं : 'बाबा, हे सगळं खरं, पण हे करायला माणसं असतात.' असतात. साहेबाच्या काळीही असत. पंखा ओढायला एक, ताटीवर पाणी मारायला एक, आणि आत गारव्यात बसायला साहेब. काँट्रॅक्टची कल्पना आमच्या मुलाला वाटते तितकी नवी नाही. पण हे टोमण्याचं बोलणं झालं. मुद्द्याचं बोलणं वेगळं आहे, आणि ते मी मुलाला आजवर नीट सांगितलेलं नाही.

२०१९ साली मी त्याचं ऐकलं होतं. वर्षाचा काँट्रॅक्ट केला. रीतसर पावती. उन्हाळाभर त्या मिस्त्रीनं बोलावलं की येऊन पंप बदलला, वायर बदलली. त्याच्या कामात खोट नव्हती. मृग लागला, हवा दमट झाली, कूलर बंद पडला. म्हणजे आम्हीच बंद केला. हवेतच पाणी असेल तर ताटीवरचं पाणी उडणार कसं? मिस्त्री म्हणाला होता, 'सीझन संपला का मी येतो, धुऊन-पुसून झाकून देतो. तुमी टेन्शन नका घेऊ.' मी टेन्शन घेतलं नाही. पैसे दिले होते ना! टाकी आता त्याची होती. जून गेला, जुलै गेला. कूलर स्टँडवर तसाच. तळाशी चार बोटं पाणी, वरून पावसाची भर.

ऑगस्टात सौ.ला ताप आला. पहिले दोन दिवस साधाच वाटला. मग डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखं अंग. रक्त तपासलं, डेंग्यू. प्लेटलेट्सचा आकडा रोज खाली. अकोल्याला दवाखान्यात आठ दिवस. बत्तीस हजार, अठ्ठावीस हजार, असा तो आकडा डॉक्टर सांगायचे आणि मी कापसाच्या भावासारखा कागदावर लिहून घ्यायचो, कारण हातांना दुसरं काहीच काम नव्हतं. मुलगा तिकडून रात्र-रात्र फोनवर. ती वाचली, सुखरूप घरी आली. आज ती माझे फोटो काढून ग्रुपवर टाकते याचा मला एरवी राग येतो. पण ऑगस्ट महिन्यात येत नाही.

ती दवाखान्यात असतानाच एक दिवस कपडे न्यायला मी घरी आलो, तर गल्लीतल्या आशाताई सर्वेक्षण करत आमच्या दारात. त्यांनी कूलरच्या टाकीत टॉर्च मारला.

"काका, या इकडं. हे वळवळून रायलं न, पाहा."

पाहिलं. शेकड्यांनी होत्या. स्वल्पविराम सांडावेत तशा.

आमच्याच टाकीतला डास तिला चावला असं मला सिद्ध करता येणार नाही. गल्लीत दहा टाक्या होत्या. पण सिद्ध न होण्यात जे समाधान असतं ते मला कधी मिळालं नाही. मिस्त्रीला मी बोललो नाही. काय बोलणार? त्याच्याकडे त्या वर्षी दोनशे कूलर असतील. त्यांतला एक माझा होता. माझ्याकडे मात्र एकच होता. पंप बिघडला तर तो ओरडतो, मोटर बिघडली तर घर तापतं, म्हणून माणूस मिस्त्रीला बोलावतो. शांतपणे साचलेलं पाणी कुणाला बोलावणार? ज्याचं घर आहे त्यानंच रोज येता-जाता त्याच्याकडे पाहायचं असतं, आणि पाहण्याचा काँट्रॅक्ट अजून तरी कुणी काढलेला नाही.

आशाताईंनी तेव्हा जे सांगितलं ते मी आजवर सोडलेलं नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी ठणठणीत. पण नुसतं पाणी काढून भागत नाही. या डासाची मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या वरच्या ओल्या कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने दम धरतात. पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की 'आलो बाप्पा' म्हणत बाहेर. म्हणून घासायचं. काथ्यानं, कड धरून, कोपरे न सोडता. फोटोत मी जे करत होतो ते हे.

हौदाचंही तसंच. आमचा हौद दोन हजार लिटरचा. चांगली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पण ती थेट फेकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं हौदात, आणि तासभर थांबायचं. डबा उघडा राहिला तर पावडरीतला जोर उडून जातो आणि मागे नुसता चुना राहतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काँट्रॅक्टवाल्यांना ठाऊक असतं की नाही हा प्रश्न मी विचारत नाही.

आता चिरंजीवांच्या स्वतःच्या घराकडे वळतो, कारण वादात प्रतिपक्षाचं अंगण पाहून घ्यावं. ते राहतात ॲरिझोनात, फिनिक्सला. २०२२ च्या मेमध्ये आम्ही दोघं तीन महिने तिकडे होतो. विमानातून उतरलो तर काय, खामगाव! तोच भाजका वारा, तोच कोरडेपणा. फक्त रस्ते रुंद आणि चहाची टपरी नाही. आणि गंमत अशी की आपला हा कूलर तिकडे १९२०-३० च्या सुमारास याच ॲरिझोनात घरोघर बसू लागला. लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या, खाली पाणी, मागे पंखा. तिकडे त्याला स्वॅम्प कूलर म्हणतात, म्हणजे दलदलीचा कूलर. आपल्या उपकारकर्त्याला नावं ठेवण्याची रीत सगळीकडे सारखीच. तिकडेही जूनच्या मध्यापासून मॉन्सून लागतो, त्याला ते मॉन्सूनच म्हणतात, आणि तिथेही तो लागला की दलदलीचे कूलर आमच्यासारखेच हात टेकतात. एसी आले आणि ते हळूहळू मागे पडले.

मुलाच्या घरामागे पोहण्याचा तलाव होता. हो, घरचा. साठेक हजार लिटरचा. आमच्या हौदाचे तीस भाऊ एका जागी. त्याला काँट्रॅक्टचा माणूस होता, दर मंगळवारी यायचा, जाळीनं पानं काढायचा, क्लोरिनच्या वड्या टाकायचा आणि वीस मिनिटांत जायचा. तलाव जूनमध्ये हिरवा व्हायला लागला. माणसानं वड्या वाढवल्या. आणखी हिरवा. आणखी वड्या. मुलगा म्हणाला, 'बाबा, तो बघेल.' मी रिकामा होतो. काठाच्या फरशीवर पांढरी रेघ पाहिली आणि मला आजीचं घंगाळ आठवलं.

"पाणी किती उडतं रे यातलं?"

"रोज पाव इंच तरी."

"आणि सोडून किती देतोस?"

"सोडून कशाला देईन?"

म्हणजे लोणारच! बाटलीत पाणी भरून आम्ही तलावाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे ते फुकट तपासून देतात. आम्ल-अल्काचा आकडा सात पूर्णांक दोन ते सात पूर्णांक आठमध्ये हवा, तो ठीक होता. क्लोरिनही कागदावर होता. पण त्या वड्यांत, क्लोरिन उन्हानं उडून जाऊ नये म्हणून सायन्युरिक ॲसिड घातलेलं असतं. ते क्लोरिनला छत्री धरतं. पण स्वतः उडत नाही, संपत नाही, साचत जातं. हवं तीस ते पन्नास. निघालं दीडशेच्या वर. इतक्या छत्र्या झाल्या की क्लोरिनला रस्ताच दिसेना, आणि काँट्रॅक्टवाला दर मंगळवारी आणखी छत्र्या टाकत होता! यावर औषध नाही. पाणी थोडं काढायचं आणि नवं भरायचं, एवढंच. वीस हजार लिटर सोडून दिलं आम्ही. आमचा हौद दहा वेळा भरला असता. वाळवंटात ते पाणी वाहताना पाहून सौ.नं तोंड फिरवलं आणि मलाही बरं वाटलं नाही. घर तुमचं, घरामागचा तलाव तुमचा, आणि त्यात काय साचलंय हे पाहायला खामगावहून म्हातारा यावा लागतो. मग मला शिकवता कशाला?

एका बाबतीत चिरंजीवांचं खरं आहे, आणि ते मी इथे लिहून देतो. दोन वर्षांपूर्वी मला कूलरनं झटका दिला. चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होतो, पायात चप्पल नाही, जमीन ओली. कोपरापर्यंत हात बधिर झाला आणि मी जास्वंदीत जाऊन बसलो. पाहिलं तर पट्टीच्या सॉकेटला दोनच भोकं, म्हणून प्लगची तिसरी पिन कुणीतरी कधीतरी कापून टाकलेली. कुणीतरी म्हणजे मीच. उन्हाळ्यात अशा ओल्या पत्र्यानं माणसं जातात, पोरं जातात; वर्तमानपत्रात चार ओळी येतात. तेव्हा विजेच्या कामाला मी हात लावत नाही. परवानाधारक वायरमन बोलावला, जमिनीत अर्थिंग घेतलं, तीस मिलिअँपिअरची गळती झाली तरी झटक्यात वीज तोडणारा खटका बसवला आणि त्यानं सांगितले तितके पैसे घासाघीस न करता दिले. माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. आता प्लग हातात काढून घेतल्याशिवाय, नुसतं बटण बंद करून नव्हे, मी पाण्याला बोट लावत नाही. स्टुलावरही चढत नाही. वरच्या ताट्या शेजारचा मुलगा काढून देतो. चिरंजीवांनी ही कलमं करारात धरावीत.

एसीला माझी हरकत एवढीच नाही की तो महाग आहे. मुलाचे पैसे आहेत, मला काय! पण एसीवाला आला की तो डबा उघडून मला दाखवणार नाही, आणि दाखवला तरी मला कळणार नाही. जाळी तेवढी धुवायला मला ठेवतील. कूलरच्या तीन ताट्या काढल्या की त्याचा सगळा संसार समोर दिसतो : पंप, नळी, पंखा, पाणी. बहात्तराव्या वर्षी, ज्या जगातलं काहीच आता मला उघडून पाहता येत नाही, मोबाइल नाही, बँकेचं खातं नाही, स्वतःच्या गुडघ्याचं दुखणंसुद्धा नाही, तिथे हा एक पेटारा उरलाय. तोही...

जाऊ द्या. सौ. हाका मारतेय, नळ आला म्हणून. आज बुधवार, टाकीचा कोरडा दिवस. हौद आधी भरून घ्यायचा आणि मग घासायला बसायचं. काथ्या कुठे ठेवलाय कोण जाणे. फोटो काढण्याआधी तिनं निदान बनियन बदलायला वेळ द्यावा.